दहा मिनिटांत रस्ता मोकळा

माझी मुलगी गाडी चालवते तेव्हा मला शक्यतो पुढच्या सीटवर बसू देत नाही. मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहते, हे एक कारण. दुसरं असं, की गंगापूर रोडवर कुणी चुकीच्या बाजूने घुसला की माझा उजवा हात आपोआप वर जातो, पंजा उघडा, आणि तिला समोरचं काही दिसेनासं होतं. "आई, तू रिटायर झालीस. हात खाली घे," ती म्हणते. मी हात मांडीखाली दाबून बसते. पुढचा चौक आला की तो परत वर.

तीसेक वर्षं पोलिसात काढली, त्यातली बहुतेक वाहतुकीत. शिपाई म्हणून लागले, सहायक उपनिरीक्षक म्हणून घरी आले. लोकांच्या मते वाहतूक पोलीस म्हणजे झाडाआड लपून पावत्या फाडणारा प्राणी. झाडाआड मी उभी राहिले आहे, खोटं कशाला सांगू? मे महिन्याच्या दुपारी द्वारका चौकात तासभर उभे राहा, तुम्हीही झाड शोधाल. पण पॉइंटवर उभं राहण्याचं एक तंत्र असतं. सगळ्यात पुढच्या गाडीवाल्याला तुमचे डोळे दिसतील अशी जागा धरायची. आधी डोळ्यांनी थांबवायचं, मग हाताने, आणि तरीही ऐकलं नाही तर शिट्टी. नवी पोरं शिट्टीपासूनच सुरुवात करतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे गाल दुखायला लागतात.

हेल्मेट न घालणाऱ्यांचे वर्गही मी घेतले. पकडलेल्यांना एका हॉलमध्ये दोन तास बसवायचं आणि समजावायचं. या कामात माणसाच्या डोक्याबद्दल जे ज्ञान होतं ते डॉक्टरलाही होत नसेल. हेल्मेट कोपराला अडकवून हिंडणारे तर पैशाला पासरी. एकाला विचारलं, "साहेब, तुमचा मेंदू कोपरात आहे का?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, डोक्यावर नवा विग आहे. तो दबतो." सगळा हॉल हसला, मीही हसले. त्याला पुढच्या रांगेत बसवून मी दोन तास त्याच्याकडेच बघून बोलले. नंतर तो मला कॉलेज रोडला दिसायचा, डोक्यावर हेल्मेट आणि विग घरी. लांबूनच हेल्मेट उचलून टक्कल दाखवायचा आणि हात करायचा.

पण माझं नाव झालं ते हेल्मेटमुळे नाही, खराट्यामुळे.

नोकरीच्या सुरुवातीला मी इगतपुरीकडे होते. घाटात धुकं उतरलं की हातभरावरचं दिसत नाही. तिथे एकदा एक टेम्पो उलटला. कुणाला फारसं लागलं नव्हतं. आम्ही साहेबांची वाट बघत टेम्पो तसाच ठेवला. रस्त्यावर काचा, आडवा टेम्पो, आणि धुक्यातून मागून आलेली जीप सरळ त्यात घुसली. टेम्पोतली माणसं वाचली होती, जीपमधली दोघं गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की पहिल्या अपघातापेक्षा त्याच्या मागे होणारा दुसरा वाईट. जखमींना आधी गाडीत घालायचं, वाहनं बाजूला ओढायची, काचा झाडायच्या, रस्ता सुरू करायचा. मी आमच्या जीपमध्ये स्वतःच्या पैशाने एक खराटा घेऊन ठेवला. सहकारी हसायचे. पुढे तेच वायरलेसवर सांगायचे, "साळवे मॅडमना पाठवा, दहा मिनिटांत रस्ता मोकळा होईल." आणि व्हायचा. एका साहेबांनी तर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्या टाळ्या मला बरीच वर्षं पुरल्या.

शेवटची काही वर्षं माझ्याकडे ओझरच्या बाजूचा महामार्ग होता. रुंद रस्ता, मधे दुभाजक, दोन्हीकडे द्राक्षबागा. पलीकडे जायचं तर लांबवर जाऊन पुलाखालून वळायचं. एवढं कोण जातो? गावकऱ्यांनी एके ठिकाणी दुभाजक तोडून वाट केली होती. अशा वाटेला सगळे 'कट' म्हणतात. ट्रॅक्टर, मोटारसायकली, शाळेच्या रिक्षा, सगळं त्या कटमधून आडवं जायचं, आणि ओझरहून किंवा नाशिकहून येणारा ट्रकवाला शंभरच्या वेगात असायचा. मी एकदा दगड रचून कट बंद केला, तर दुसऱ्या दिवशी दगड गायब. टमाट्याचे क्रेट घेऊन चाललेल्या एका बाईने मला सुनावलं, "मॅडम, इथून आमचं वावर दिसतंय बघा. पुलाखालनं गेलं तर निम्मी सकाळ जाती. आम्ही काय विमानात बसून जावं?" तिचं तरी काय चुकलं?

कट कायमचा बंद व्हायला आणि तिथे नीट भुयारी वाट मिळायला एकच रस्ता होता. वारंवार अपघात होणाऱ्या जागांची एक यादी असते, अशा जागेला आम्ही ब्लॅक स्पॉट म्हणतो. पोलीस ठाण्यांच्या नोंदींवरून ती तयार होते. ठराविक लांबीच्या टप्प्यात पुरेसे अपघात नोंदलेले असले तर ती जागा यादीत येते आणि मग रस्तेवाले हालचाल करतात. मी दर वर्षी यादी आली की आधी आमचा कट शोधायची. कट यादीत नसायचा. मी रस्तेवाल्यांच्या नावाने खडे फोडायची, चहा प्यायची आणि ड्युटीला जायची.

नंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि मला ऑफिसात टेबल मिळालं. आलेले अर्ज घ्यायचे, उत्तरं द्यायची. तिथे दर सोमवारी गांगुर्डे सर यायला लागले.

सर जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दारातूनच "जय भीम, मॅडम" म्हणायचे आणि समोर बसायचे. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई महामार्गापलीकडच्या एका गावात अंगणवाडी सांभाळायच्या. मोपेडवर जायच्या, दुपारी परत यायच्या. दीड वर्षापूर्वी ट्रकने त्यांना उडवलं होतं, त्यात त्या गेल्या. ट्रकचालक सापडला होता, खटला सुरू होता. सरांना तक्रार करायची नव्हती. त्यांच्याकडे पंचनाम्याची नक्कल होती आणि एकच प्रश्न होता.

"मॅडम, यात घटनास्थळ पेट्रोल पंपासमोर लिहिलंय. पंप ओझरच्या बाजूला. आमचं घर नाशिकला. अंगणवाडी सुटल्यावर ती कटमधून वळून नाशिककडे यायची. मग त्या दिवशी ती उलट्या दिशेला पंपापर्यंत कशाला गेली?"

"पेट्रोल भरायला गेल्या असतील, सर."

"टाकी मी सकाळीच भरली होती."

"मग हवा भरायला."

पुढच्या सोमवारी ते म्हणाले, "चाकं बघितली मी मोपेडची. हवा होती." त्याच्या पुढच्या सोमवारी मी काय म्हटलं आठवत नाही, बहुतेक कुणाला भेटायला गेल्या असतील असं काहीतरी. सरांचा चेहरा उतरला. तेव्हा मला कळायला हवं होतं की मी काय बोलून गेले. पण माझ्यासमोर अर्जांचा ढीग होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा आला होता. हे लिहिताना लाज वाटते.

एका सोमवारी ते निघता निघता म्हणाले, "तिच्या पिशवीत मुलांना शिकवायची प्लॅस्टिकची फळं होती. अंगणवाडीची. हिशेब द्यावा लागतो त्यांचा. आम्हाला सीताफळ आणि दोन केळी मिळाली फक्त. बाकीची पंपावर कुणाला सापडली असतील का, विचारून आलो. नाही म्हणाले."

ते गेले आणि मी खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. ती फळं मी पाहिली होती. लाल सफरचंद, पिवळा आंबा, जांभळ्या द्राक्षांचा घड, काळ्या डांबरावर पसरलेली. मी ती माझ्या खराट्याने झाडून दुभाजकाच्या कडेच्या दगडांशी लोटली होती. आणि तो दुभाजक कटजवळचा होता. पंपासमोर दुभाजकाला कडेचे दगडच नाहीत, झुडपं आहेत.

त्या दिवशी मी दुपारचा डबा उघडला नाही. आमच्याकडे प्रत्येकाची ड्युटी डायरी असते, रोज काय केलं ते लिहायची. माझ्या जुन्या डायऱ्या कपाटात होत्या. त्या काढल्या आणि ठाण्याच्या अपघात नोंदवहीशी एकेक तारीख जुळवत बसले. डायरीत माझंच अक्षर होतं: 'कटजवळ अपघात. वाहने बाजूला घेऊन वाहतूक सुरळीत केली.' नोंदवहीत त्याच तारखेला: 'पेट्रोल पंपासमोर.' पुढची तारीख, डायरीत कट, नोंदवहीत 'मंगल कार्यालयासमोर.' त्याच्या पुढची, डायरीत कट, नोंदवहीत पुन्हा पंप. कटवर अपघात झाला की नाशिकहून येणाऱ्या गाड्या मी पुढे पंपाच्या मोकळ्या जागेत ओढायची, ओझरहून येणाऱ्या मंगल कार्यालयाच्या मैदानात. दोन्हींमधलं अंतर इतकं की यादीच्या एका टप्प्यात ती बसणारच नाहीत. एका जागेचे अपघात मी दोन ठिकाणांना वाटून टाकले होते आणि वर यादीवाल्यांना शिव्या घालत होते.

पंचनामे केले होते हवालदार बोरसे यांनी. माणूस सटाण्याकडचा, कामाला चोख. मी डायऱ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"हाई काय शे, मॅडम?"

"तुम्ही पंपासमोर कसं काय लिहिलंत?"

"मी पोहोचायचो तेव्हा गाड्या पंपासमोर असायच्या. रस्त्यावर काच नाही, रक्त नाही, ब्रेकची खूण नाही. तुम्ही सगळं झाडून ठेवलेलं. पंचनाम्यात घटनास्थळाच्या चार दिशांना काय आहे ते लिहावं लागतं. कटवर चारी बाजूला द्राक्षं. पंपावर पूर्वेला ऑफिस, पश्चिमेला रस्ता, पंचही तिथलेच मिळायचे. तरी मी तुम्हाला विचारायचो ना, कुठं झालं म्हणून?"

"मग मी काय सांगायचे?"

"हात करायच्या आणि म्हणायच्या, हे इथंच. आणि जीपमध्ये बसून जायच्या. पुढचा कॉल असायचा तुम्हाला."

मी 'इथंच' म्हणायची. दोन शब्द जास्त बोलायला मला वेळ नव्हता, कारण दहा मिनिटांत रस्ता मोकळा करायचा असायचा.

मी वर लिहून देते म्हटल्यावर बोरसे खुर्ची ओढून जवळ बसले. "मॅडम, विचार करा. माझी चौकशी लागेल, तुमचीही लागेल, रिटायरमेंटच्या तोंडावर. ते राहू द्या बाजूला. पण गांगुर्डे बाईंची केस कोर्टात चालू शे. घटनास्थळच चुकलं म्हटल्यावर समोरचा वकील सोडेल का? ड्रायव्हर सुटून जाईल. त्या सरांना कोण सांगेल?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. भाजी जाळली, मुलीवर ओरडले. लिहिलं नाही तर कट तसाच राहणार आणि रोज त्यातून अंगणवाडीच्या बाया, शाळेच्या रिक्षा जाणार. लिहिलं तर ज्या माणसाची बायको गेली त्याच्याच हातातला न्याय मी काढून घेणार. चौथ्या दिवशी मी साडी नेसून सरांच्या घरी गेले. गणवेशात जायची हिंमत झाली नाही.

उपनगरातल्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची, आणि शेजारी वत्सलाबाईंची, हसऱ्या, कानात खडे. सरांनी स्वतः चहा केला. कप हातात आल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. खराटा, पंपाची जागा, माझं 'इथंच', सगळं. चहावर साय धरली.

सर म्हणाले, "मी पंपावर प्रत्येक पोराला विचारलं, मॅडम. तिचा फोटो दाखवून. ही बाई इथं यायची का, कुणाबरोबर यायची का. चौतीस वर्षांचा संसार, आणि मी परक्या पोरांना असं विचारत हिंडलो."

मी मान वर केली नाही.

"म्हणजे ती घरीच येत होती?"

"हो, सर. कटमध्ये वळत होत्या. घरीच येत होत्या."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मी खटल्याचं सांगितलं, ड्रायव्हर सुटू शकतो हे तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही असं वाटलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "कट उघडाच आहे ना अजून?"

"हो."

"तिच्या जागी नवी बाई लागलीय अंगणवाडीत. तीही तिथूनच जात असेल. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. डायरीच्या पानांच्या नकला जोडल्या, कोणत्या तारखेला कोणती वाहनं कुठून कुठे हलवली ते सगळं. चौकशी झाली, मला आणि बोरसेंना समज मिळाली. बोरसे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा गावाकडच्या डाळिंबांची पिशवी टेबलावर ठेवून गेले. रस्तेवाले येऊन पाहणी करून गेले, कट यादीत लागला. ड्रायव्हरचं काय झालं तेही इथेच सांगून टाकते. माझ्या निवृत्तीनंतर निकाल लागला, तो सुटला. कोर्टात मीच साक्ष दिली होती. सर बाहेर आले, मला नमस्कार केला आणि रिक्षात बसले. तो नमस्कार मला अजून झोपू देत नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

भुयारी वाट अजून व्हायची आहे. कट मात्र काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बंद झाला. महिन्यातून एकदा मी काही काम नसताना ओझरची बस पकडते आणि खिडकीतून ठोकळे जागेवर आहेत का ते बघते. मागच्या खेपेला एक तिरका वाटला. पुढच्या थांब्यावर उतरले, उन्हात चालत मागे आले. सरकलेला नव्हता, मुळातच तसा बसवलेला होता. टमाटेवाल्या बाईने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. तिला आता खरंच पुलाखालून जावं लागतं.

ते ठोकळे बसवले तो दिवस मात्र माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातला. बंदोबस्त मी मागून घेतला होता, गुडघ्याला पट्टा बांधून. सकाळची वेळ, क्रेन लागलेली, दुभाजकालगतची लेन बंद, बाकीच्या दोनमधून गाड्या सोडलेल्या. सरांना मी फोन करून कळवलं होतं. ते पांढऱ्या शर्टात आले, बाजूला उभे राहून ठोकळे उतरताना बघत राहिले. शेवटचा ठोकळा बसल्यावर माझ्याजवळ आले.

"मॅडम, नेमकी कुठं?"

मी हात केला. चालू रस्त्याच्या मधल्या लेनमध्ये. तोंडात 'हे इथंच' आलं होतं, ते गिळलं.

"थांबा, सर. दाखवते."

मी रस्त्यात उतरले. आधी डोळे, मग हात. पुढचा ट्रकवाला थांबला, त्याच्या मागे बस, त्याच्या मागे टँकर, आणि मग पार नजर जाईल तिथपर्यंत. मी सरांना हाताला धरून मधल्या लेनमध्ये नेलं. "त्या खांबाच्या रेषेत, या पट्ट्याच्या अलीकडे. मोपेडचं तोंड नाशिककडे होतं." सरांनी चपला काढल्या, खाली बसले आणि डांबरावर तळहात ठेवला. मागे हॉर्न सुरू झाले.

खांद्यावरचा वायरलेस खरखरला. "साळवे मॅडम, तुमच्या पॉइंटला लाइन लागलीय. कारण काय?"

"अपघात," मी म्हटलं. "घटनास्थळ दाखवतेय."

"रस्ता किती वेळात मोकळा होईल?"

सरांचा हात अजून डांबरावर होता.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.